‘की’च्या पुढचा ‘मी’ कोण?

महोदय,

पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, पण आठवीच्या वहीतली एक चूक काही हलत नाही. मी मराठी माध्यमात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता नातीची वही बघतो. परवा तिनं लिहिलं होतं, ‘राजू सेड दॅट आय ॲम इल.’ म्हणजे आजारी नात!

‘राजू म्हणाला की मी आजारी आहे’ यातला ‘मी’ राजूच, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आपला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द उचलून जसेच्या तसे पुढे ठेवतो. इंग्रजीतल्या ‘दॅट’पुढे सर्वनाम निरोप सांगणाऱ्याच्या बाजूनं फिरतं आणि ‘ॲम’चं ‘वॉज’ होतं: ‘राजू सेड दॅट ही वॉज इल.’

नातीच्या गाईडमध्ये यावर ‘एस-ओ-एन’चा तक्ता आहे (‘मी’ बदलायचा सब्जेक्टप्रमाणे, ‘तू’ ऑब्जेक्टप्रमाणे, ‘तो’ला नो चेंज). तिला तो घडाघडा पाठ आहे. मराठीत ‘मी’ बदलत नाही, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नाही.

मी वर्गात एका पोराच्या कानात दुसऱ्याला ‘आय ॲम हंग्री’ म्हणायला लावायचो आणि ऐकणाऱ्याला ते फळ्यावर लिहायला पाठवायचो. त्यानं ‘आय’ लिहिलं की वर्ग ओरडायचा, ‘सर, डबा याला द्या!’ (‘मला भूक लागली’तल्या ‘मला’चा ‘आय’ कसा झाला, त्यात आणखी एक तास जायचा.)

पाठ्यपुस्तकात ‘की’ आणि ‘दॅट’ शेजारी ठेवणारं अर्धं पान द्यावं, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, वाई