छोट्या लॅपटॉपच्या खोक्यावर वायफायचीही माहिती हवी

महोदय,

लॅपटॉपचे वायफाय वारंवार तुटू लागले की आपण आधी राउटर बंद-चालू करतो आणि मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवतो. मीही दोन आठवडे हेच केले. माझ्या अकरा इंची लॅपटॉपशेजारी ठेवलेल्या मोबाइलवर त्याच वायफायने सर्व काही सुरळीत चालत होते, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली असती तर दोष लाइनचा नाही हे पहिल्याच दिवशी कळले असते. पुढे राउटरलाच ‘पिंग’ करून, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश पाठवून पाहिले, तेव्हा हाताच्या अंतरावरच्या राउटरकडूनही मधूनमधून उत्तर येत नव्हते. म्हणजे घोटाळा लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधेच होता.

कारण निघाले ते लॅपटॉपला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क! वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा रेडिओ लहरींच्या पट्ट्यांत चालते; त्यांपैकी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात यूएसबी 3 च्या जोडणीतून रेडिओ गोंगाट पसरतो, हे इंटेलने 2012 मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडले होते. छोट्या लॅपटॉपमध्ये यूएसबीचे पोर्ट आणि वायफायचा अँटेना यांच्यात अंतरच थोडे असल्याने त्याचा त्रास अधिक जाणवतो. डिस्क लांब केबलने दूर सरकवली आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर जोडला, तेव्हा तुटणे थांबले. अर्थात 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींपुढे लवकर क्षीण होतो, त्यामुळे पलीकडच्या खोलीत बसणाऱ्याला 2.4 शिवाय गत्यंतर नसते. त्याने राउटरचा चॅनेल (त्या पट्ट्याचा छोटा भाग) 1, 6 किंवा 11 यांपैकी कमी गर्दीचा निवडावा, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल प्रायः हे तीनच.

बॅटरीवर असतानाच वायफाय अडखळत असेल तर मात्र संशय वीजबचतीवर घ्यावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’खाली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढून पाहावी. काही यंत्रांत ती दिसतच नाही, तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नव्याने बसवून पाहावा. झाकण पुढेमागे करताना सिग्नल कमी-जास्त होत असेल, तर बिजागरीतून जाणारी अँटेनाची तार तुटत आली असण्याची शक्यता असते, आणि तिथे सेटिंग बदलून काही साधत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. खोक्यावर प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे ठळक छापलेले असतात, पण वायफाय कार्डाला अँटेना एक की दोन आणि 5 गिगाहर्ट्झ चालते की नाही, हे बहुधा कुठेच नसते. स्वस्त, छोट्या यंत्रांत काटकसर नेमकी इथेच होते आणि ग्राहकाला ती घरी आल्यावर कळते. उत्पादकांनी या दोन गोष्टी खोक्यावरच छापाव्यात.

– एक वाचक