सदा, आधी हात हलका कर

सांगली

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली व्यंगचित्रांची पानं पाहिली. माणसं ताठ आलीयत. पान उलटं करून मागून बोट फिरव, रेघांचे वळ हाताला लागतील. इतकी दाबलेली रेघ खोडली तरी कागदावर खाच राहते, मग ती चुकीची असली तरी मोडवत नाही.

एचबी पेन्सिल टोकापासून दोन इंच मागं धर आणि मनगटातून नाही, कोपरातून हात फिरव. कागदाच्या वर दोन-तीन गोल नुसते हवेत फिरव आणि फिरता हातच खाली टेकव. एका गोलावर तीन फेरे पडले तरी बिघडत नाही, त्यातला बरा पुढं पेननं उचलायचा.

हा गोल म्हणजे पात्राचं डोकं. त्यावर एक उभी, एक आडवी रेघ ओढ, पण चेंडूला दोरा गुंडाळल्यासारखी. उभी रेघ डावीकडं फुगवली की चेहरा डावीकडं वळतो, आडवी खाली झुकवली की तो खाली बघतो. डोळे त्या आडव्या रेघेवरच. तुझे कपाळावर चढलेत, कारण चेहरा म्हटलं की आपलं लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं आणि वरचा भाग आखडतो. खऱ्या माणसाचेही डोळे टाळू आणि हनुवटीच्या साधारण मध्यावर असतात.

खरा मोठा माणूस सात-साडेसात डोक्यांएवढा उंच भरतो. आपलं पात्र तीन डोक्यांत बसव: एक डोक्याला, एक धडाला, एक पायांना.

आता मार्केट यार्डातला हळदीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल काढ. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत एकच कमानदार रेघ, मग तिच्यावर भुईमुगाच्या शेंगेसारखं धड. गुडघे वाकव, एक पाय पुढं टाक. पाय सरळ राहिले तर पोत्यात कापूस भरलाय असं वाटतं. हाताला अंगठा आणि तीन बोटं पुरेत. एवढ्याशा हातात पाचही बसवायला गेलास तर केळ्यांचा घड होतो.

तोंड तसंच ठेवून नुसत्या भुवया बदल. नाकाकडची टोकं खाली ओढली की राग, वर उचलली की काकुळती. हे करून बघच, फार गंमत येते.

शेवटी ०.५ चं जेल पेन. शाई पाचेक मिनिटं वाळू दे, लगेच खोडरबर फिरवलास तर फासते.

आणि महत्त्वाचं: नवं पात्र घेऊ नकोस. हाच हमाल दहा वेळा काढ. तिसऱ्या-चौथ्याला नाक लांबेल, टोपी बुटकी होईल, म्हणून पहिल्याच्या शेजारी मापं लिहून ठेव: टोपी गोलाच्या एक तृतीयांश, नाक आडव्या रेघेच्या लगेच खाली. दहावा झाला की त्याची बाह्यरेषा दुसऱ्या कागदावर उतरवून आत पूर्ण काळं भर. नुसत्या काळ्या आकारावरून हमाल आणि पोतं ओळखू आलं नाही, तर हात किंवा पोतं धडाला चिकटलंय. मध्ये फट सोड.

रविवारी येशील तेव्हा दहाही आण, फसलेले आधी. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विज्या