आपलीच माणसं

सातारा, रविवार

प्रिय बंड्या,

‘ग्रुप का सोडलास? त्या फोटोमुळे का?’ असं विचारलंस. फोनवर चिडून काहीतरी बोललो असतो, म्हणून चक्क कागद घेतलाय. अक्षराला हसू नकोस. तू ॲडमिन म्हणून तुला तरी कळलं. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर कुणी ग्रुप सोडला तर तेवढ्या ॲडमिनलाच कळवतात. पूर्वीसारखी सगळ्यांसमोर पाटी लागत असती, तर माझी हिंमत झाली नसती.

हो, फोटोमुळेच. तू सकाळी उठल्याउठल्या तो उडवलास, उपकार झाले. पण रात्रीत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाबांना ॲडमिट केलं कळताच आपला तो मित्र (नाव लिहीत नाही) डबा घेऊन धावत आला. आयसीयूत एकेकाला दोन मिनिटं सोडत होते. मी डॉक्टरांशी बोलत होतो, तेवढ्यात याने आत जाऊन मोबाइल काढला. बाबा तुला माहीत आहेत. दूध आणायलासुद्धा इस्त्रीचा सदरा लागतो. त्यांच्या नाकात नळी, दाढीचे खुंट, कवळी काढलेली, गाल आत गेलेले. खाली ‘काका, लवकर बरे व्हा’ आणि जोडलेले हात. ग्रुपवर टाकला तो टाकला, वर स्टेटसलाही ठेवला.

स्टेटस २४ तासांत आपोआप जातं म्हणे. स्क्रीनशॉट कुठे जातो? तो फिरत फिरत नाशिकला ताईच्या जावेपर्यंत पोचला. ताईला बीपी आहे, म्हणून सकाळी गाडीत बसवल्यावर सांगायचं, असं दाजींशी ठरलं होतं. रात्री साडेअकराला जाऊबाईंनी तिलाच विचारलं, ‘बाबा कसे आहेत आता?’ मग तिचा मला फोन. आधी बराच वेळ काही बोललीच नाही. मग एवढंच म्हणाली, ‘परक्यांना आधी कळलं रे.’ यावर काय बोलणार मी?

ग्रुपवर तर जत्राच. कुणी हॉस्पिटल कुठलं विचारतोय, कुणी मेडिक्लेम आहे का, मध्येच गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. एकाने तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च टाकली! मग घाईघाईने डिलीट केली, पण काहीतरी डिलीट केल्याची खूण तिथे राहिलीच. घरी आल्यावर हे बाबांना सांगितलं, तर हसले. फोटोचं मात्र लागलं त्यांना. म्हणाले, ‘निदान कवळी तरी घालू द्यायची.’

मी त्याला फोन केला होता. तो खरंच गोंधळला. ‘अरे, आपलीच माणसं आहेत ना सगळी!’

इथे माझी दातखीळ बसली, बंड्या. कारण हेच वाक्य मी जूनमध्ये माझ्या पोरीला ऐकवलं होतं. तिचा दहावीचा निकाल लागला, ८८ टक्के. मी हुरळून अख्खी गुणपत्रिकाच स्टेटसला ठेवली, बैठक क्रमांक, आईचं नाव, सगळ्यासकट. ऑनलाइन निकाल बघायला हीच दोन माहिती लागते, आणि मी ती गावभर वाटत होतो. पण तिचं दुखणं वेगळंच होतं. गणितात तिला ६२ पडले होते. टक्के ती स्वतः मैत्रिणींना सांगणार होती, गणिताचे नव्हती सांगणार. ‘बाबा, मला विचारलं का नाही?’ म्हणाली. मी म्हणालो, ‘अगं, आपलीच माणसं आहेत.’ दोन दिवस बोलली नाही. तेव्हा मला तो नखरा वाटला होता.

असो. इतक्यात मला परत ॲड करू नकोस. आणि त्यालाही काही बोलू नकोस. त्या रात्री आयसीयूच्या बाहेर माझ्याबरोबर बाकड्यावर तोच बसला होता, बाकीचे हात जोडून मोकळे झाले. त्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे, झाकणावर त्याच्या आईचं नाव कोरलेला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून हिने बेसनाचे लाडू करायला घेतलेत. नेऊन देईन तेव्हा जमलं तर समोरासमोर बोलेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पश्या