मोतीबिंदूनंतरचा धूसरपणा आणि नेत्रदान

माननीय संपादक,

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता इतकी सरावाची झाली आहे की तिच्यानंतर दृष्टी पुन्हा धूसर झाली, तर घरचे लोक चष्म्याच्या नंबराला किंवा वयाला दोष देऊन मोकळे होतात. काही मोजक्या रुग्णांत मात्र दोष पारपटलात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात असतो. त्याच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर पडद्यातील पाणी सतत बाहेर काढत असतो. या पेशी नष्ट झाल्या की त्यांची जागा नव्या पेशी घेत नाहीत, त्यामुळे ज्या डोळ्यात त्या आधीच कमी आहेत, तेथे शस्त्रक्रियेचा थोडा आघातही पारपटल सुजण्यास पुरेसा ठरतो. सकाळी अधिक अंधुक आणि दुपारपर्यंत जरा स्पष्ट दिसणे ही त्याची सुरुवातीची खूण होय, कारण मिटलेल्या पापण्यांखाली रात्रभर बाष्पीभवन होत नाही.

औषधाच्या थेंबांनी न भागल्यास संपूर्ण पारपटल न बदलता केवळ हा आतला थर बसवता येतो. मात्र त्यासाठीही साधारणपणे मृत्यूनंतर ६ तासांच्या आत काढलेला दात्याचा डोळा लागतो. नागपूरकरांचा उत्साह २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या नेत्रदान पंधरवड्यात अर्ज भरण्यापुरताच असतो, असे मला वाटते. वास्तविक अर्ज नसला तरी नातेवाईकांच्या संमतीने नेत्रदान होते, आणि मोतीबिंदू काढलेली व्यक्तीही दाता होऊ शकते. मेडिकल आणि मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांमध्ये मृत्यूनंतर प्रत्येक कुटुंबाला याविषयी आवर्जून विचारले जावे, तसेच शिबिरांतील संशयास्पद डोळ्यांची पेशी-मोजणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी, अशी विनंती आहे.

एक ज्येष्ठ नागरिक, धरमपेठ, नागपूर