करमळीचे तळे राखायचे तर वायंगण राखा

संपादक महोदय,

गावच्या तळ्याचा विषय निघाला की हल्ली पदपथ, बाकडी, दिवे आणि कुंपण यांचीच यादी पुढे येते. गोव्यातील तिसवाडी तालुक्यातल्या करमळीच्या तळ्याबद्दलही लोक असेच बोलू लागले आहेत, म्हणून हे पत्र.

बाहेरून येणारा माणूस या तळ्यावर पक्षी पाहायला येतो. थंडीत अडईचे थवे, पानांवरून चालणारे कमळपक्षी पाहून तो खूश होतो, आणि व्हावेच. पण हे तळे बांध घालून अडवले गेले ते भातासाठी. पावसाचे पाणी साठवायचे, सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झाले की मानस (बांधातली पाणी सोडायची मोरी) उघडून ते पाटाने खालच्या शेतांना द्यायचे आणि त्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, काढायचे, ही त्याची मूळ रीत. पाणी शेतात गेले की उन्हाळ्यात तळ उघडा पडे. मासळीची पावणी (लिलाव) होई. गाळ निघे, तो थोडा बांधाला लागे, बाकीचा शेतात खत म्हणून जाई. उन्हाने तळ भेगाळला की पाणवनस्पतींचा जोर आपोआप मोडे. सफाईसाठी वेगळे कंत्राट काढायची वेळच येत नसे, कारण तळ्याची सफाई शेतीच्या कामातच होऊन जाई.

ही व्यवस्था गावकारीची, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेची. पोर्तुगीज आले त्याच्या आधीपासूनची. 1526 च्या फोराल नावाच्या सनदेत त्यांनी गावांचे जुने रीतिरिवाज लिहून घेतले आणि गावकारी पुढे कोमुनिदाद या नावाने चालू राहिली. 16व्या शतकात करमळीचा ब्रह्मदेव सत्तरी तालुक्यात हलवावा लागला. आज तो नगरगावजवळच्या ब्रह्मकरमळीत पुजला जातो. गावाचा देव गेला, धर्म बदलला, तरी बांध आणि मानस सांभाळण्याची जबाबदारी मात्र गावकारांनी सोडली नाही. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते. पण शेतांच्या पावणीतून येणारे कोमुनिदादचे उत्पन्न आटले आणि बांधदुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न लोंबकळत राहिला. पुढे मजूर महागले, घरची मुले नोकरीला गेली, शेते पडीक राहू लागली. वायंगण नको तर पाणीही नको. मग मानस उघडायचे कोणी आणि कशाला?

पाणी तसेच साचून राहिले की गाळ जागीच बसतो, साल्विनियासारखे तण पृष्ठभाग झाकते आणि कुजू लागते. मग यंत्रे आणून खोल खोदण्याची मागणी होते. इथे जपून पावले टाकायला हवीत. उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना खोल खड्डा उपयोगाचा नाही आणि चिकणमातीचा थर फुटला तर पाणीही ठरणार नाही. वरच्या टेकड्या कापल्या जात असतील तर काढलेला गाळ दोन पावसात परत येईल.

कुडचडे येथील नंदा तळे 2022 मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरले. जेमतेम 42 हेक्टरांचे हे पाणथळ क्षेत्र. तिथेही पाणी साठवून पावसाळ्यानंतर खालच्या बाजूला भात घेतात. म्हणजे शेती आणि पाणथळ जागा एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच राज्यात दिसते आहे.

सुशोभीकरणाचा पैसा आधी मानशीची दारे, बांध आणि पाट यांवर खर्च व्हावा. पाणी कधी सोडायचे आणि किती ठेवायचे, हे कोमुनिदाद, कुळे आणि पक्ष्यांचे जाणकार यांनी एकत्र बसून ठरवावे. वायंगण घेणाऱ्याला खास अनुदान द्यावे, कारण तो भातासोबत तळेही राखतो. आणि पाणलोटातल्या टेकड्यांवर नवे बांधकाम मंजूर करण्यापूर्वी तिथून पाणी आणि माती कुठे उतरते, ते प्रत्यक्ष पावसात जाऊन पाहावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, तिसवाडी