जुन्या गाडीचं मॉडेल सगळे सांगतात, तिचा इतिहास कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या हॅचबॅक गाड्यांवरचं पान वाचलं. कुठली गाडी किती मायलेज देते, किती वर्षांची गाडी काय भावात मिळते हा तक्ता चांगला होता, पण खरं सांगू का, मॉडेल ठरवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते घरात बसून मोबाईलवर होतं. त्या मॉडेलच्या शंभर गाड्या बाजारात असतात आणि त्यातली ही आपल्यापुढं उभी असलेली एक गाडी आजवर कुठं आपटली, कुणी कशी चालवली, कुठल्या पाण्यात उभी राहिली हे कळणं अवघड, आणि त्याबद्दल त्या पानावर एक ओळ नव्हती. आम्ही हे सगळं नुकतंच अनुभवलंय म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आम्ही घरात पाचजण, आई-बाबा, आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यामुळं खाली वाकून बसायची गाडी चालत नाही आणि जीपसारखं वर चढायचीही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या हे खरं, पण तरीही आमच्या बजेटमध्ये पाचजण नीट मावतील अशी नवी गाडी बसत नव्हती. म्हणून चार ते पाच लाखात जुनी, चार मीटरच्या आतली पण आतून मोठी हॅचबॅक बघायची ठरवलं. बलेनो, आय-२०, पोलो, जॅझ सगळ्यात बसून बघितलं. पोलो चाकणला बनायची, दणकट वाटते, दार लावलं की आवाजच वेगळा येतो, पण मागं बसलं की गुडघे पुढच्या सीटला टेकतात. बलेनो हलकी, अॅव्हरेजला भारी, डिकी ३३९ लिटरची, गावोगावी मिस्त्री मिळतो. आय-२० वरच्या व्हेरियंटला आतून सुंदर आहे. पण आई जॅझमध्ये बसली आणि म्हणाली, "हीच बघा, उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही." विषय तिथंच संपला.

जॅझबद्दल थोडं सांगतो कारण ती आता नवीन मिळत नाही, २०२३ मध्ये होंडाने बंद केली, त्यामुळं लोक बिचकतात. आपल्याकडं आत्ता जी जुनी मिळते ती बहुतेक २०१५ च्या जुलैत आलेली पिढी. पेट्रोलला १.२ लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, ९० पीएस (म्हणजे साधारण ९० हॉर्सपॉवर), आणि डिझेलला दीड लिटरचं, १०० पीएस. डिझेल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर बंद झालं. डिकी ३५४ लिटरची, पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली असल्यामुळं मागची जमीन खोल आणि सपाट. २०१८ च्या फेसलिफ्टच्या आधीच्या वरच्या व्हेरियंटला मागची सीट वर उचलता येते, तिला मॅजिक सीट म्हणायचे, उभं कपाट सोडून काहीही मावतं. कमीपणाही सांगायला हवा. पेट्रोल इंजिनला खालून जोर कमी, ११० न्यूटन मीटर टॉर्क, पाचजण आणि एसी लावून आंबा घाट चढायचा तर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायची तयारी ठेवायची. शहरात आणि हायवेला मात्र अगदी शांत चालते. आमचं महिन्याचं रनिंग सातआठशे किलोमीटर, एवढ्यासाठी डिझेल कशाला? आणि एक, होंडाने २०२० आणि २०२४ मध्ये इंधन पंप बदलून देण्यासाठी रिकॉल काढले होते, त्यात काही जॅझही होत्या, तर चेसिस नंबर कंपनीच्या साईटवर टाकून ते काम बाकी आहे का ते बघावं, काम फुकट होतं.

आता खरा मुद्दा. पहिली गाडी आम्ही जॅझ नव्हे, दुसऱ्याच कंपनीची बघितली, २०१६ ची, राखाडी रंगाची, एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं. चकाचक. आत बसलं की अत्तराचा वास इतका की बाबांना ठसका लागला. किलोमीटर कमी, भाव बाजारापेक्षा चाळीसेक हजारानं कमी, मुलाला रंग आवडला, आणि मी तिथल्या तिथं दहा हजार विसार देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला, म्हणजे रीळ संपेपर्यंत, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ, वाळलेल्या गाळाची. बाकी सगळी गाडी धुता येते, सीट कव्हर नवीन टाकता येतात, पण गुंडाळलेला बेल्ट कुणी बाहेर काढून धुवत नाही. मग त्यांनी स्टेपनी उचलली, खाली कोपऱ्यात गाळ. ड्रायव्हर सीटखाली मोबाईलची बॅटरी मारली तर सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. फ्लोअर मॅट आणि त्याच्याखालचं कार्पेट वर करून दाखवलं, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा थर. डीलर म्हणाला सर्व्हिसिंगला पाणी मारताना गेलं असेल. आम्ही सांगलीत राहतो साहेब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्या टपापर्यंत बुडालेल्या आम्ही बघितल्यात, पुराचा गाळ आणि सर्व्हिसिंगचं पाणी आम्हाला वेगळं कळतं. निदान मिस्त्रींना तरी कळतं, मला आदल्या दिवशी कळलं नव्हतं. विसार परत मिळायला दोन महिने आणि नऊ चकरा लागल्या.

पुरातली गाडी का नको, चालतेय ना, असं आमचे एक नातेवाईक म्हणाले. चालते, पहिले सहा महिने. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मध्ये, खाली जमिनीलगत असतो, पाणी शिरतं ते पहिलं तिथं. कनेक्टर आतून गंजत जातात, आज काच खालीवर होत नाही, उद्या एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, दिवा लागतो, आणि एअरबॅग उघडेल का नाही हे धडक झाल्याशिवाय कळत नाही. ज्या गाडीत आपण आईला आणि पोराला बसवणार तिच्याबद्दल हा जुगार कोण खेळेल?

आणि या गाड्या बाजारात येतात कशा तेही लोकांना माहीत पाहिजे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी सॅल्व्हेज, म्हणजे मोडीतला माल, म्हणून विकली जाते. काही मालकांनी इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन घेतलेलं नसतं, बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारतात, इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकतो, तो क्लेम साध्या पॉलिसीत बसत नाही, मग वैतागून मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. पुढं ती गाडी धुवून, रंगवून, दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या गाड्या, चिपळूण-महाडच्या जुलै २०२१ च्या गाड्या कायम त्याच गावात विकल्या जातील असं थोडीच आहे, त्यामुळं पुणे-नाशिकच्या वाचकांनी एमएच-०८, ०९, १० बघून जरा जास्त वेळ द्यावा. आमच्या भागाची बदनामी करायची नाहीये, इथं उत्तम गाड्याही आहेत, आम्ही शेवटी इथलीच घेतली.

दुसऱ्या गाडीचं थोडक्यात सांगतो. मीटरवर ४८ हजार, पण क्लचच्या पेडलचा रबर घासून गुळगुळीत, स्टिअरिंगचं लेदर चकाकतंय, ड्रायव्हर सीटची उजवी कड बसलेली. सर्व्हिस सेंटरला मालकाकरवी रेकॉर्ड काढलं तर २०२१ मध्येच ९२ हजार झालेले. मीटर मागं घेतलेलं. नमस्कार करून निघालो.

तिसरी ही आमची जॅझ, २०१७ ची पेट्रोल, एका शिक्षक जोडप्याची, पहिलाच मालक, ६१ हजार किलोमीटर आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाईलला लावलेलं. त्यांनी आपणहून सांगितलं की डावीकडचं पुढचं फेंडर रंगवलंय, गेटला घासलं होतं. मिस्त्रींनी तरी फेंडरचे आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघितले, पाना लागलाय का, आतलं अॅप्रन, म्हणजे बॉनेटखालचा बाजूचा पत्रा, कापून जोडलंय का, दाराच्या कडेचं सीलंट कंपनीचं आहे का. हे फार महत्त्वाचं आहे, कारण लोक मला सांगतात की जॅझला जानेवारी २०२२ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार मिळाले. मिळाले, पण ते कारखान्यातून आलेल्या कोऱ्या बॉडीला. पुढचा भाग कापून गॅरेजला वेल्डिंग केलेल्या गाडीला ते स्टार लागू होत नाहीत, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

गाडी थंड असताना सुरू करायला मिळाली पाहिजे हे फोनवरच सांगितलं होतं. मिस्त्रींनी गेल्यागेल्या बॉनेटवर हात ठेवून बघितला. थंड इंजिनाचा टॅपेटचा आवाज, सायलेन्सरचा धूर, सगळं पहिल्या मिनिटात कळतं, गरम करून ठेवलेली गाडी काही सांगत नाही. मग आम्ही पाचही जण बसून चक्कर मारली, हे मी प्रत्येकाला सांगेन, टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, पूर्ण घर घेऊन जा, कारण गाडी त्याच वजनावर चालणार आहे. मुद्दाम खराब रस्त्यानं नेली, पुढच्या चाकात थोडी कुरकुर आली, सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश खराब निघाले, ते भावातून वजा झाले. टायरवर छापलेली चार आकडी तारीख बघितली, २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, खाच चांगली दिसत होती पण रबर आठ वर्षांचं, चारही बदलले. जुन्या गाडीला आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, आपली गाडी त्या आधीची, म्हणून पेट्रोलचे रबरी होज तपासून घेतले. सौदा ४ लाख ३५ हजाराला झाला.

कागदांचं एवढंच, की किल्ली हातात आली म्हणजे गाडी आपली झाली असं नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दंडाची चलनं भरलेली. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो हे लक्षात ठेवायचं, हप्ता त्यामुळं वाढतो. विकणाऱ्यांनीही आळस करू नये, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी दोन वर्षांपूर्वी विकली असं सांगून सुटका नाही.

आता माझी विनंती, आणि यासाठीच पत्र लिहितोय. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का, गाडी कितव्या मालकाकडं आहे हे दिसतं. मग ही गाडी कधी टोटल लॉस झाली होती का, पुराचा क्लेम झाला होता का, एवढी एक ओळ तिथं का दिसू नये? माहिती विमा कंपन्यांकडं आहेच, कुणाचं नाव, पत्ता, रक्कम काही नको, फक्त हो किंवा नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच सॅल्व्हेज किंवा फ्लड असा शिक्का पडतो. आणि पीयूसी काढायला गाडी दर वर्षी जातेच, तेव्हाच मीटरचा आकडा टाईप करून नोंदवला तर मीटर मागं घेण्याचा धंदा बराचसा बसेल, खर्च जवळपास शून्य. आपल्या पेपरनं हा विषय परिवहन विभागापुढं आणि विमा नियामकापुढं लावून धरावा. दर पावसाळ्यात कुठली ना कुठली नदी गावात शिरतेय, प्रश्न फक्त सांगलीचा राहिलेला नाही.

ती राखाडी गाडी दिवाळीपर्यंत त्या डीलरच्या दारात उभी होती, येताजाता दिसायची. गेल्या आठवड्यात बघितलं तर जागा रिकामी. कुणीतरी घेतली असणार, आमच्यासारखंच कुठलंतरी घर असेल. २०१६ ची राखाडी हॅचबॅक नुकतीच घेतली असेल त्यांनी कृपा करून मागच्या सीटचा बेल्ट एकदा शेवटपर्यंत ओढून बघावा.

आपला नेहमीचा वाचक,
सांगली