कन्हानवरच्या गळवाल्यांसाठी

नागपूर, ८ जून

प्रिय विनू,

कन्हान नदीवर हौशी गळवाल्यांचा गट जमवतोयस ना, तर रीळ-काठ्यांच्या गप्पांआधी काठच्या ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार मंडळींजवळ जाऊन बस बे. भर उन्हाळ्यात कोणता डोह आटत नाही, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. हौशी लोक फार उशिरा आले.

मरळीचंच घे. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला, की खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक लावून गळ टाकलास तर मरळ भुकेनं नाही, रागानं झडप घालते. ती काठावर आली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. अशा जागी गळ टाकायचाच नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजाव.

जुलै-ऑगस्टात रोहू, कतला पुरासोबत वर चढतात. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून दे. त्यासाठी गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून ठेव. हात ओले करून धर. कोरड्या हातानं अंगावरचा चिकटा निघतो अन् मग बुरशी धरते. तोंड प्रवाहाकडे करून, ती स्वतःहून निसटेपर्यंत आधार दे. गळ घशात उतरला असेल तर ओढू नको, दोरी तोंडाजवळ काप. थाई मांगूर, म्हणजे बाहेरून आलेला अन् इथल्या माशांना खाणारा मांगूर, सापडला तर मात्र पाण्यात परत नाही. २००० पासून त्याच्या पालनावर बंदी आहे, ती उगाच नाही.

खरी गोम नाग नदीची. अंबाझरी तलावाकडून शहराचं सांडपाणी घेत ती कन्हानला मिळते, अन् कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत. पहिल्या जोरदार पावसात तळाचा गाळ उसळतो, ऑक्सिजन खातो, अन् पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात. तेव्हा कोण मेलं ते नीट बघ. रोहू-कतला मेले पण मरळ, मांगूर जिवंत, तर बहुधा ऑक्सिजन संपला. हे दोघं वरची हवा घेऊ शकतात. सगळेच मेले तर विषारी सोडपाण्याचा संशय घे. ऑक्सिजन जागेवरच मोज, तोही उजाडायच्या आत. दुपारी शेवाळामुळे आकडा फसवा चांगला दिसतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठीक, ३ च्या खाली माशांचे हाल. वेळ, जागा, पाण्याचा रंग वहीत उतरवून त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळव. दोन दिवसांत पाणी वाहून गेलं की कोणीच मानत नाही.

तुटलेली नायलॉन दोरी गुंडाळून घरी आण, कासवं अडकतात त्यात. अन् शिशाच्या वजनाऐवजी लोखंडी नट बांध, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळतील.

तुझा,
सुध्या